ज्याला सोसायचं, त्याला विचारा

गेल्या महिन्यात मुलानं मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते आणि सगळा वेळ मुलाशीच बोलत होते. "माताजी को धुँधला कब से दिखता है? शुगर तो नहीं है? ऑपरेशन के लिए तैयार हैं ना?" मी दोघांच्या मध्ये स्टुलावर बसले होते. मुलगा उत्तरं देत होता, त्यातली काही चुकीची होती. ऑपरेशन कधी करायचं ते ठरलं, कुठलं भिंग बसवायचं तेही ठरलं. मग डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थोपटून "ठीक है ना, अम्मा?" म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. या वयात बऱ्याच गोष्टी यायच्या बंद होतात. रिक्षातून घरी येताना फक्त आबासाहेब मोघ्यांची आठवण झाली. ती अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आबासाहेब ग्वाल्हेरच्या थाटीपुरातले आमचे शेजारी. सरकारी क्वार्टर्सची एक रांग होती, त्यात त्यांची आणि आमची भिंत एक. ते पाटबंधारे खात्यात मुख्य नक्शानवीस, म्हणजे नकाशे काढणाऱ्यांचे प्रमुख होते आणि आमचे हे त्यांच्या हाताखाली. मी लग्न होऊन सांगलीहून नुकती आले होते. इथल्या लोकांची मराठी ऐकून मला सुरुवातीला तोंडाला पदर लावावा लागे. "सूनबाई, आपण परेशान नका होऊ, सब्जीवाला येऊन राहिला आहे," असं कुणी गंभीरपणे म्हणालं की माझी पंचाईत व्हायची. आबासाहेबांचं घराणं तर कित्येक पिढ्या ग्वाल्हेरचं, दरबारात कारकुनी केलेलं. त्यांच्या मराठीत दरबारी अदबही होती आणि शेजारच्या मुरार गावच्या बाजारातली हिंदीही होती, आणि दोन्हींचं एकमेकींशी बरं चाललेलं होतं.

उंच, हडकुळे, काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. टोपीच्या दुमडीत नेहमी एक टोक केलेली पेन्सिल. सायकल होती, पण वाटेत कुणी पायी जाणारा ओळखीचा भेटला की खाली उतरायचे आणि त्याच्याबरोबर सायकल ढकलत चालायचे. घरी पोचेपर्यंत कधीकधी अंधार पडायचा. आणि त्यांचं ते "येऊ का?" आपण सगळेच दारात "येऊ का?" म्हणतो, पण म्हणेपर्यंत एक पाय आत असतो. आबासाहेब उंबऱ्याबाहेर उभे राहत आणि खरोखरच उत्तराची वाट बघत. मी एकदा मोरीत होते, उत्तर द्यायला वेळ लागला. बाहेर आले तर ते उन्हात तसेच उभे. मी म्हटलं, "आबासाहेब, यायचं ना आत." ते म्हणाले, "आपण कुठे म्हणालात?" स्वतःच्या घरातसुद्धा ते दारात थांबून बायकोला विचारत, तेव्हा मला ते वेडच वाटायचं.

त्यांचं सगळं वागणं एका वाक्यावर चालायचं. "ज्याला सोसायचं, त्याला विचारायचं." हे वाक्य ते उपदेशाच्या सुरात म्हणत नसत. नकाशावर अमुक इंचाला तमुक मैल असं लिहिलेलं असतं ना, तेवढ्याच कोरडेपणानं सांगायचे. हे कुठून आलं म्हणून मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी मुरैन्याकडच्या कालव्याची गोष्ट सांगितली.

तरुणपणी त्या कालव्याची रेघ त्यांनीच कागदावर काढली होती. रेघ सरळ होती, साहेब खूश होते. मग खुंट्या ठोकायला ते स्वतः गेले, तेव्हा कळलं की रेघ एका म्हातारीच्या विहिरीवरून आणि जांभळाच्या झाडातून जाते. म्हातारी झाडाखाली खाट टाकून बसली होती. ती भांडली नाही, रडलीही नाही. खुंटीकडे बघून म्हणाली, "पूछ तो लेते, लल्ला." मग उठली आणि आपली खाट आपणच ओढत बाजूला घेऊन गेली.

"आणि विचारल्यावर ती नाही म्हणाली असती तर?" मी म्हटलं.

"रेघ बहुतेक तिथूनच गेली असती," आबासाहेब म्हणाले. "सरकारचं काम. पण आम्ही तिला माणसांत धरलं असतं. आम्ही तिला झाडात धरलं."

त्यानंतर ते जन्मभर विचारत राहिले. ते ऐकायला छान वाटतं, सोबत राहायला तितकंसं सोपं नव्हतं. एका थंडीत त्यांच्या कोळशाच्या पेटीत मांजर व्याली. पेटी हलवायची तर सोसायचं मांजरीला, आणि मांजरीला विचारणार कसं? तर पेटी हलवायची नाही असं ठरलं. आबासाहेबांनी कुठूनशी भुशाची शेगडी आणली. धूर इतका की आमच्या घरात डोळे चुरचुरायचे. त्यांच्या बायको, माई, पलीकडून खोकत म्हणाल्या, "मांजरीचा विचार केलात. या धुरात मी बसून राहिले आहे, मला विचारलंत?" आबासाहेब खरोखर ओशाळले. त्यांनी लगेच दारात उभं राहून माईंना रीतसर विचारलं, पेटी हलवू का म्हणून. आता माई काय म्हणणार? "राहू द्या तिला," म्हणाल्या, आणि पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत खोकत स्वयंपाक केला. आम्ही रांगेतल्या सगळ्यांनी ती गोष्ट पुढे हसून हसून सांगितली. माई हसायच्या नाहीत.

ऑफिसातही असंच. तिथे एका वयस्क नक्शानवीसाचा हात थरथरायला लागला होता. बाकीचे त्याच्या रेघा गुपचूप सुधारून घेत, त्याला कळू देत नसत, आणि त्या चांगुलपणावर सगळे खूश होते. आबासाहेबांनी त्या गृहस्थाला बाजूला घेऊन विचारलं, "आपल्या रेघा दुसरे लोक दुरुस्त करतात. हे असंच चालू द्यायचं, की आपल्याला दुसरं काम हवं?" त्या माणसानं दुसरं काम मागून घेतलं, पण आबासाहेबांशी पुन्हा बोलला नाही. आमचे हे घरी येऊन म्हणाले, "काय गरज होती?" मलाही तेव्हा तसंच वाटलं. आबासाहेबांना मात्र त्याच्या अबोल्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "त्याचा हात आहे, त्याला कळायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले.

त्या काळात राज्यं बदलत होती. आबासाहेबांनी नोकरी धरली तेव्हा नकाशांच्या कोपऱ्यात 'ग्वालियर राज्य' लिहिलेलं असे. मग संस्थान विलीन झालं आणि तिथे 'मध्यभारत' आलं. ती अक्षरं अजून पुरती जुनी झाली नव्हती तोच मध्यभारत मोडला आणि 'मध्यप्रदेश' झाला. जुने नकाशे तर टाकायचे नसतात. मग कापडी ट्रेसिंगवरचं जुनं नाव दाढीच्या ब्लेडनं हळूहळू खरवडायचं, शाई पुन्हा नीट धरावी म्हणून त्या जागी शंखजिऱ्याची पूड चोळायची आणि नवं नाव लिहायचं. हे काम आबासाहेब दुसऱ्या कुणाला देत नसत. मी डबा पोचवायला गेले तेव्हा एकदा पाहिलं, खिडकीपाशी वाकून ब्लेड चालवत होते आणि टेबलावर काळा भुगा पडला होता. कुणीतरी म्हणालं, "मोघेसाहब, आपका तो राज ही मिट गया." आबासाहेब मान वर न करता म्हणाले, "राज गेलं त्याचं काही नाही. पूछ तो लेते."

मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. त्याबरोबर खाती निघाली, कपाटं निघाली, माणसं निघाली. थाटीपुरात रोज कुणाच्या तरी दारात बैलगाडी किंवा ट्रक उभा असे. पाळणे, पाट, लोणच्याच्या बरण्या. भोपाळला घरं मिळत नाहीत, एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहतात, असं परत आलेले लोक सांगायचे. आबासाहेबांचा विभागही जाणार होता, फक्त जुन्या कामांचे नकाशे पुरे करायला एक नक्शानवीस ग्वाल्हेरला ठेवायचा होता. आमचे हे किंवा मुरारचे तिवारी, दोघांपैकी एक. कुणाला ठेवायचं ते आबासाहेबांनी कळवायचं होतं.

हे घरी त्याबद्दल काही बोलत नसत. मी पोटुशी होते, तरी बोलत नसत. नोकरीच्या गोष्टी बायकांशी बोलायची पद्धतच नव्हती. मी ट्रक मोजायचे आणि आपला कधी येईल याचा विचार करायचे.

एका दुपारी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा मागच्या अंगणातून आवाज आला. "येऊ का?" हे ऑफिसात होते. मी पदर सारखा करून "या" म्हटलं. आबासाहेब स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"सूनबाई, आपल्याला भोपाळला जायचं आहे, की इथे राहायचं आहे?"

मला वाटलं माझं ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी म्हटलं, "यांना विचारा ना."

"त्यांना विचारलं. ते म्हणाले, सरकार पाठवेल तिथे जाईन. ते उत्तर खरं नाही, पण दिलं त्यांनी. आता आपल्याला विचारतो आहे. घर आपल्याला हलवायचं आहे. बाळंतपण आपलं आहे."

मला लग्नाआधी मुलगा पसंत आहे का असं कुणी विचारलं नव्हतं. सांगलीहून इतक्या लांब जाशील का, असंही विचारलं नव्हतं. काय उत्तर द्यायचं असतं तेच मला माहीत नव्हतं. तव्यावरची पोळी जळून तिचा धूर व्हायला लागला तरी मी उभीच. आबासाहेबांनी घाई केली नाही. शेवटी मी म्हटलं, "इथेच राहायचंय मला." त्यांनी मान हलवली, "पोळी," म्हणाले आणि गेले.

तिथून ते सायकलनं मुरारला तिवारींच्या घरी गेले. ती हकिकत पुढे तिवारींच्या बायकोनंच मला सांगितली. सासूसमोर तिनं घुंगटातून मोठ्यानं सांगितलं, "जहाँ ये, वहाँ हम." आबासाहेब तरी उठेनात. म्हणाले, "ये तो उनका जवाब हुआ, आपका क्या है?" मग सासू गाईला चारा घालायला गेली, तशी ती पुढे होऊन हळूच म्हणाली, "भाईसाहब, हमें भोपाल भिजवा दो. अम्माजी मुरार छोड़के कहीं नहीं जाएँगी." तिवारी भोपाळला गेले आणि आम्ही राहिलो. दोन घरं सुखी झाली, आणि दोन्ही घरांतल्या पुरुषांना आपल्या बायकोनं नेमकं काय सांगितलं हे कळलं नाही. आमचे हे मात्र चिडले होते. साहेब बायकांना विचारून बदल्या करतात म्हणून ऑफिसात थट्टा झाली होती. मी ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी मी एकटीच अंगणात बसून होते आणि मला फार बरं वाटत होतं. त्यानंतर मला कुणी फारसं काही विचारलेलं नाही, त्यामुळे ती दुपार माझ्या चांगली लक्षात राहिली आहे.

मी माईंना ते सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. माई ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला मोकळ्या, पण तेव्हा आधी त्यांनी हातातले मूठभर तांदूळ निवडून संपवले.

"तुला बरं वाटलं ना?" मग म्हणाल्या. "वाटणारच. एकदा कुणी विचारलं की बरंच वाटतं. मला रोज विचारतात."

"म्हणजे?"

"सब्जी कोणती आणू. धोतर कोणतं नेसू. भावाच्या घरी लग्नाला जायचं की नाही. सगळं मला. लोकांना वाटतं, काय नशीब आहे हिचं. अगं, पण मग जे होतं ते मीच सांगितलेलं असतं. कुणावर रागवायचीही सोय नाही राहत." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "आमचं बाळ गेलं ना, तेव्हासुद्धा विचारलं. कुणाकुणाला कळवू, म्हणाले. मला काय सुचत होतं तेव्हा? मी म्हटलं, नका कळवू कुणाला. नाही कळवलं. माझी आई आली असती ग. कळवायला हवं होतं."

त्यांना मूल होतं हे मला माहीतच नव्हतं.  माईंनी सूप पाखडलं आणि संध्याकाळी काय करणार म्हणून मला विचारलं.

माझं बाळंतपण माईंनीच केलं. तेल लावणं, शेक, डिंकाचे लाडू, सगळं. होळी झाल्यावर त्यांचं जेवण कमी झालं. आधी उपास, मग पित्त, अशी कारणं त्या देत राहिल्या. शेवटी आबासाहेबांनी विचारून, त्यांच्या होकारानं, त्यांना शहरातल्या लष्कर भागातल्या डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आबासाहेबांना एकट्यालाच बोलावलं. बायकांना असलं सांगायचं नसतं, असं सगळ्यांचंच मत होतं. डॉक्टरांचंही होतं.

ते परत आले तेव्हा मी तिथेच होते. माई पाय लांब करून बसल्या होत्या आणि माझा मुलगा त्यांच्या पायांवर पालथा पडला होता. आबासाहेब दारात थांबले. "येऊ का?" माई म्हणाल्या, "या." मी उठायला लागले तर माईंनी हातानंच बस म्हणून सांगितलं.

आबासाहेबांनी डॉक्टर म्हणाले ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पोटात गाठ आहे. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं तर माणूस वाचूही शकतं, टेबलावर जाऊही शकतं. नाही नेलं तर पावसाळा दिसायचा नाही. "न्यायचं की नाही, ते तू सांग," ते म्हणाले.

माईंनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. "मला विचारू नका."

"तुला सोसायचं आहे."

"म्हणूनच विचारू नका. आजवर सगळं मी सांगितलं. हे एवढं तुम्ही ठरवा." मग त्यांनी बाळाला उचलून माझ्याकडे दिलं. "ओलं केलंन बघ यानं," म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस आबासाहेब ऑफिसात जात, पण हे सांगायचे की नुसते बसून असतात. समोर नकाशा, हातात ब्लेड आणि खरवडलेलं काहीच नाही. एका संध्याकाळी हे धीर करून म्हणाले, "साहेब, घेऊन जा माईंना. मी येतो बरोबर."

"तिनं हो म्हटलं नाही."

"नाहीही म्हटलं नाही ना."

"तिच्या हो शिवाय तिच्या पोटाला सुरी लावायची?" आबासाहेबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "रेघ ओढून मोकळं व्हायचं?"

"साहेब, बायको आहे आपली."

"हो ना," आबासाहेब म्हणाले.

काही दिवसांनी त्यांनी माईंना सांगितलं, "मी तुला नेत नाही." माई म्हणाल्या, "बरं." भिंतीपलीकडून मला दोन्ही वाक्यं ऐकू आली. मग भांडं विसळल्याचा आवाज आला, एवढंच.

त्या उन्हाळ्यात आबासाहेबांनी माईंना काहीही विचारलं नाही. माईंनी सांगितलं होतं विचारू नका म्हणून, आणि ते म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. त्यांनी रजा घेतली. लुगडं कोणतं नेसायचं ते तेच काढून ठेवत, आणि लग्नाकार्यातलं जड लुगडं भर वैशाखात काढत. चहा ते करत, त्यात साखर फार पडे. खिडकी ते उघडत, तेच लावत. टिंडे म्हणजे माईंचा जन्माचा वैरी. "ही काय भाजी आहे, नुसतं पाणी," असं त्या भाजीवाल्याच्या तोंडावर म्हणायच्या. पण टिंडे मऊ आणि हलके, म्हणून आबासाहेब रोज टिंडे शिजवायला लागले. माई ताटातलं सगळं खात, जेवढं जाईल तेवढं. एकदा अंगणात टिंडे चिरताना आबासाहेब मला म्हणाले, "आजकाल हिला टिंडे आवडून राहिले आहेत." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी म्हटलं, "हो ना." पुढे मला काय म्हणायचं होतं, ते आता आठवत नाही.

वैशाखाच्या अखेरीला माई उठेनाशा झाल्या. मी दुपारी बाळाला घेऊन त्यांच्याजवळ बसायचे. दाराला वाळ्याच्या पडद्याची चिक होती, तिच्यावर आबासाहेब पाणी मारून बाजारात गेले होते. माई छताकडे बघत होत्या.

"मी त्यांना म्हटलं ना, मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आता तरी म्हणतील, चल. नुसतं चल. मी गेले असते ग."

मला कळायला वेळ लागला. मग मी म्हटलं, "माई, मग सांगा ना त्यांना. अजूनही..."

"आता कशाला? डॉक्टर म्हणतात आता प्रवास नाही झेपायचा. आणि सांगितलं की ते परत मलाच विचारतील." त्यांचा आवाज अगदी साधा होता, गवळ्याला उद्या दूध जास्त लागेल म्हणून सांगतात तसा.

"मी सांगू त्यांना?"

माईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ते तुझं तू बघ. आणि ती चिक खाली ओढ, ऊन येतंय."

मी चिक खाली ओढली. मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, आणि माई गेल्या त्या दिवशीही नाही. आत काहीतरी जागच्या जागी थांबलं होतं आणि त्याच्या अवतीभवती मी पोळ्या करत होते, बाळाची लंगोटं धूत होते. पाऊस यायला अजून अवकाश होता तेव्हा माई गेल्या. सकाळी आबासाहेब चहा घेऊन खाटेपाशी उभे होते, तेव्हा.

रांगेतले लोक जमले. कुणीतरी आबासाहेबांना विचारलं, कुणाकुणाला कळवायचं? "सगळ्यांना," ते म्हणाले. इंदूर, उज्जैन, सागर, झाशी, कुठे कुठे तारा गेल्या. ज्या नातेवाइकांशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं त्यांनाही गेल्या. दहाव्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आबासाहेब मधोमध बसून होते. कुणी जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत.

मग तेही भोपाळला जायला निघाले. विभाग गेला होता, त्यांना जावंच लागणार होतं. मनात आणलं असतं तर लवकर पेन्शन घेऊन इथे राहता आलं असतं. पण ऑर्डर आली आणि त्यांनी ती घेतली. जायचं की राहायचं, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही या वेळी "पूछ तो लेते" म्हटलं नाही.

आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, आणि नकाशे ठेवायची पत्र्याची लांब नळी. हे हमालाबरोबर ट्रंक चढवायला पुढे गेले. आबासाहेब आणि मी फलाटावर उभे होतो, बाळ माझ्या कडेवर होतं. त्यांनी बाळाला बोट धरू दिलं होतं. टोपीत पेन्सिल नव्हती.

मी महिनाभर याच गोष्टीचा विचार करत होते. माईंनी ती माझ्यावर सोपवली होती, आणि काय करायचं ते ठरवायला माझ्यापाशी आबासाहेबांच्या त्या एका वाक्याशिवाय दुसरं काही नव्हतं. सांगायचं की नाही? आणि सोसायचं कुणाला होतं? तर त्यांना. म्हणजे विचारायचं त्यांनाच.

"आबासाहेब," मी म्हटलं, "माई मला एक बोलल्या होत्या. ऑपरेशनबद्दल. ऐकलं तर तुम्हाला सोसावं लागेल असं आहे. सांगू का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी घाई केली नाही, मीही केली नाही. बाळानं त्यांचं बोट तोंडात घातलं, ते त्यांनी काढून घेतलं नाही. इंजिनानं शिटी दिली. त्या वेळी मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की काय आहे ते त्यांना ठाऊक आहे, बहुधा मला कळायच्या आधीपासून ठाऊक आहे.

"मला विचारू नका, सूनबाई," ते म्हणाले.

शब्द तेच होते. मी बरं म्हटलं. त्यांनी बाळाच्या मुठीतून बोट सोडवून घेतलं आणि ते डब्यात चढले.

खिडकीतून आतलं दिसत होतं. बाकावर एक बाई दोन मुलांना घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती. आबासाहेब तिच्यासमोर थांबले, किंचित वाकले आणि त्यांनी काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला इतक्या लांबूनही कळलं. बाईचं लक्ष नव्हतं, ती मुलाच्या तोंडाला लागलेलं पुसत होती. गाडी हलली, फलाट संपेपर्यंत आम्ही बघत होतो, आणि आबासाहेब ती नळी छातीशी धरून अजून उभेच होते.